उजव्या कमरेची गाठ

“पिस्तूल असं निवडीन, की नेल्डालासुद्धा पत्ता लागणार नाही!”

चर्चच्या मागच्या खोलीत कॉफीचा कागदी पेला उंचावून हॉलिस टॅकेटनं हे जाहीर केलं. नेल्डा म्हणजे त्याची बायको. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसानं असली पैज मारू नये. पण त्या दिवशी हॉलिसचे पाय जमिनीवर नव्हते. टर्की फोर्कच्या त्या छोट्या चर्चनं रविवारी दारावर पहारा ठेवायचं ठरवलं होतं, आणि पाद्री ब्रदर वेस यांनी पहिलं नाव त्याचं घेतलं होतं.

“तू तसाही दारातच उभा असतोस,” ब्रदर वेस म्हणाले. “एकच अट. दिसता कामा नये. म्हाताऱ्या बायका बिचकतात, आणि नवे पाहुणे पुन्हा फिरकत नाहीत.”

टेक्ससच्या त्या भागात कमरेला पिस्तूल असणं ही बातमी नव्हे. ते दिसणं ही बातमी.

हॉलिस दारात उभा असायचा तो मिठ्या मारायला. आल्यागेल्याला तो असा कवटाळायचा, की गादी गुंडाळतोय असं वाटावं. इमोजीन प्रुएटबाईंच्या चष्म्याची काडी त्यानं दोनदा मोडली होती, तरी बाई दर रविवारी पहिला नंबर लावून उभ्या. साऱ्या गावात त्याच्या मिठीतून सुटलेला माणूस एकच, त्याचा सख्खा भाऊ डॉयल. वडील गेले तेव्हा त्यांची मासे धरायची बोट कुणी घ्यायची यावरून दोघांचं बिनसलं, ते आजतागायत. बोट कुणीच नेली नाही. ती चुलतभावाच्या कोठारात कुजली, आणि तिच्याबरोबर दोघांचं बोलणंही. डॉयल बाजूच्या दारानं चर्चमध्ये यायचा आणि शेवटच्या बाकावर कुंपणाच्या खांबासारखा बसायचा. हॉलिस दर रविवारी एकदा त्या दाराकडे बघायचा. आज इकडून, आपल्या दारानं येईल. नाही आला. बरं, पुढच्या रविवारी.

तर पिस्तूल. बंदुकांचं दुकान ट्वायलाचं. तिनं काचेच्या कपाटावर फडकं अंथरलं, त्यावर तीन पिस्तुलं मांडली आणि म्हणाली, “मिस्टर हॉलिस, हातात धरून बघा. मग मागच्या अंगणात दोन-दोन गोळ्या झाडून बघा. मगच ठरवा.”

“झाडायचं काय त्यात? मला लपवायचंय!”

“लपवायचं असलं तरी वेळ आली तर झाडावं लागतंच ना? हे मधलं घ्या. तुमच्या पंज्याला बसेल.”

हॉलिसचा पंजा म्हणजे फावडं. पण त्याची नजर खिळली होती सगळ्यात चिमुकल्या पिस्तुलावर. चपटं, काळं, नऊ मिलिमीटरच्या गोळीचं, साबणाच्या वडीएवढं. त्याची मूठ इतकी आखूड, की हॉलिसची तीनच बोटं तिच्यावर मावली. करंगळी बसमध्ये जागा न मिळालेल्या प्रवाशासारखी लोंबकळत राहिली.

“लहान पिस्तूल जास्त उसळतं हं,” ट्वायला म्हणाली. “वजन नसतं ना, सगळा दणका हाताला. आणि खरं सांगू का? लपवतं ते पिस्तूल नाही, पट्टा लपवतो. चांगला जाड पट्टा घ्या.”

“पट्टा आहे माझ्याकडे. वडिलांचा आहे,” हॉलिस म्हणाला. “हेच द्या!”

मग पॅन्टच्या आत खोचायचं चामडी होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, घेतलं. घरी येऊन खोचून बघितलं, तर पिस्तूल आत गेलं आणि पॅन्टचं बटण लागेना. हॉलिस डगमगला नाही. त्यानं दोन मापं मोठ्या पॅन्टी आणल्या. नेल्डाला सांगितलं, “सेल होता.”

नेल्डानं पॅन्टींकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. इथंच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

पहिला रविवार उजाडला. शर्ट बाहेर सोडून, उजव्या कमरेला ऐवज दडवून हॉलिस दारात उभा राहिला. इमोजीनबाई दोन्ही हात पसरून आल्या, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मिठी! मिठीचा विचार त्यानं केलाच नव्हता! जगातली सगळी पिस्तुलं डोळ्यांपासून लपवता येतील. इमोजीन प्रुएटच्या हातांपासून कशी लपवायची?

तो एक पाऊल मागे सरला आणि त्यानं हात पुढे केला. नुसता हात. बाईंनी त्या हाताकडे असं बघितलं, की जणू त्यात मेलेला मासा आहे.

“हॉलिस? अरे, काय झालं?”

“सर्दी आहे जरा.”

“सर्दी झाली म्हणून मिठी सोडतात होय!” असं म्हणत बाईंनी कवटाळलंच. त्यांचा डावा हात त्याच्या उजव्या कमरेवर आला आणि जागच्या जागी थिजला. बाई हळूच मागे झाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

“नेल्डाला माहीत आहे?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

हॉलिसला वाटलं, पकडलो गेलो! “नाही,” तोही कुजबुजला. “कृपा करून कुणाला सांगू नका.”

“माझ्या तोंडातून शब्द जाणार नाही,” बाई म्हणाल्या.

आता इमोजीनबाई म्हणजे चर्चच्या प्रार्थना-साखळीच्या प्रमुख. कुणी आजारी पडलं, की त्या एका घरी फोन करतात, त्या घरून दुसऱ्या घरी जातो, आणि तासाभरात अख्खं गाव त्या माणसासाठी देवाला साकडं घालतं. त्यात नाव सांगितलं तर ती चुगली होत नाही, प्रार्थना होते. त्या दुपारी बाईंनी फोन उचलला. “नाव घेणार नाही हं मी. पण आपल्या दारातल्या माणसासाठी प्रार्थना करा. कमरेला गाठ आहे. मुठीएवढी. दगडासारखी घट्ट. आणि बायकोला अजून पत्ता नाही!”

उरलंसुरलं काम पॅन्टींनी केलं. पोस्टाच्या हद्दीत हत्यार न्यायला कायद्यानं बंदी. म्हणून सोमवारी हॉलिसनं समोरच्या पशुखाद्याच्या दुकानापाशी आपला पिकअप ट्रक उभा केला, पिस्तूल आतल्या पेटीत कुलूपबंद केलं आणि रस्ता ओलांडला. पिस्तूल काढल्यावर ती दोन मापं मोठी पॅन्ट कशाच्या आधारावर राहणार? वडिलांचा पट्टा तर वडिलांच्याच वयाचा. एका हातानं पॅन्ट धरून, दुसऱ्यानं तिकिटं घेत हॉलिस रांगेत उभा राहिला. पोस्टातली चार माणसं गप्प झाली. एकीनं आपला नंबर त्याला दिला. दुसऱ्यानं दार उघडून धरलं.

“किती वाळलाय गं बिचारा!” मागून आवाज आला.

वास्तविक हॉलिसचं वजन वडाच्या बुंध्याएवढं होतं आणि त्यात रतीभर फरक पडला नव्हता. पण ढगळ पॅन्ट ही साक्षीदारासारखी असते. ती काय सांगते त्यावर लोक विश्वास ठेवतात, आत कोण उभं आहे ते बघत नाहीत.

त्यात नव्या माणसाची खोड. ठिकाणावर आहे ना, म्हणून तो सारखा कमरेला हात लावून बघायचा. बसताना पिस्तूल बरगडीत टोचायचं, मग “आई गं!” व्हायचं. बुधवारच्या प्रार्थनेला तो असा तीनदा विव्हळला, आणि तिन्ही वेळा ब्रदर वेस यांनी प्रवचन थांबवून डोळे मिटले.

गुरुवारी सकाळी घराच्या ओट्यावर पहिलं भांडं आलं. कोंबडी आणि भात, वरून चीज. मागोमाग फरसबी. मग मक्याचा पाव, अंडी, केळ्याचं पुडिंग, अक्रोडासारख्या पीकनच्या दोन गोड पाई. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर बाईचं नाव. दुपारपर्यंत फ्रीज भरला, संध्याकाळपर्यंत पाई कपडे धुवायच्या यंत्रावर ठेवायची वेळ आली. अंगणातलं गवत कुणीतरी कापून गेलं. छपराच्या पन्हळीतली पानं कुणीतरी काढली. मांस कापायच्या दुकानात तर कसायानं हॉलिसचा हात हातात घेतला आणि सोडेचना.

“लोक किती चांगले आहेत आपल्याकडे,” हॉलिस चमचा चाटत म्हणाला. “पण हे सगळं कशासाठी चाललंय?”

नेल्डा सिंकपाशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

“हॉलिस,” ती न वळता म्हणाली, “इमोजीनला सांगितलंस. मला नाही सांगितलंस.”

“काय सांगितलं?”

“गाठीचं!” ती वळली. नाक लाल, डोळे लाल, हातात ओला टॉवेल. “ढगळ पॅन्टी आणल्यास तेव्हाच काहीतरी लपवतोयस हे मला कळलं होतं. मी वाट बघत होते. म्हटलं, सांगेल. आज सांगेल. चाळीस वर्षांनी मला परक्या बाईच्या फोनवरून कळावं?”

हॉलिसच्या घशात पुडिंग अडकलं. त्यानं शर्ट वर केला, पिस्तूल काढलं, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, नळी रिकामी करून सगळं टेबलावर मांडलं.

“ही बघ गाठ,” तो म्हणाला.

नेल्डानं टेबलाकडे बघितलं. हॉलिसकडे बघितलं. मग ओल्या टॉवेलचा जो फटका त्याच्या खांद्यावर बसला, तसा दणका त्या पिस्तुलालाही देता आला नसता. दुसऱ्या फटक्याला ती हसायला लागली होती. तिसऱ्याला खुर्चीत बसली आणि हसता हसता पुन्हा रडली.

“जिवंत आहेस ना गाढवा,” ती म्हणाली. “मग झालं.”

“आत्ता इमोजीनबाईंना फोन करतो. सगळी भांडी परत करतो. लाज वाटते मला.” सवयीनं त्यानं पिस्तूल भरून पुन्हा कमरेला खोचलं आणि फोनकडे वळला.

तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला. नेल्डानं पडदा सारला आणि तिचा चेहराच बदलला.

“हॉलिस. डॉयल आलाय.”

“कोण डॉयल?”

“तुझा भाऊ डॉयल! हातात ब्रिस्केट आहे, मांसाचा हा एवढा तुकडा. कागदात गुंडाळलेलं.” तिनं त्याचा दंड धरला. “ऐक. तू थोडा वेळ आजारी राहा.”

“नेल्डा! खोटं बोलू?”

“बोलू नकोस. नुसता वाकून उभा राहा. तो आत येऊन बसेपर्यंत!”

डॉयल दारातून आत आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. टोपी काढली, ब्रिस्केट टेबलावर ठेवलं, आणि टोपीच्या कडा फिरवत राहिला.

“सबंध रात्र धुरावर ठेवलं होतं,” तो ब्रिस्केटकडे बघत म्हणाला. “तुला चावायला जमेल ना?”

“जमेल.”

“किती... म्हणजे डॉक्टर काय म्हणतात?”

हॉलिसनं नेल्डाकडे बघितलं. नेल्डानं छताकडे बघितलं.

“डॉयल, मी तुला सांगतो—”

“नको. मी आधी बोलतो. नाहीतर राहून जाईल.” डॉयलचा आवाज चिरकला. “ती बोट तुझीच होती. बाबा तुलाच न्यायचे पहाटे. मला झोप मोडवत नसे. मला ते माहीत होतं रे. फक्त बोलवत नव्हतं.”

मग टॅकेट घराण्यात न घडलेली गोष्ट घडली. डॉयल दोन पावलं पुढे आला आणि त्यानं भावाला मिठी मारली. सवय नसल्यामुळे ती मिठी कपाट हलवायला धरल्यासारखी होती. हॉलिसनं डोळे मिटले. देवा, हा क्षण एवढाच राहू दे, खरं मी नंतर सांगीन.

डॉयलचा हात उजव्या कमरेवर आला. थांबला. चाचपला. पुन्हा चाचपला. डॉयल काही इमोजीन प्रुएट नव्हता.

“हॉलिस,” तो कानाशी म्हणाला, “ही गाठ नऊ मिलिमीटरची आहे का रे?”

हॉलिसनं तिथल्या तिथं सगळं ओकून टाकलं. पहारा, पैज, पॅन्टी, पोस्ट. डॉयल मागे सरला. त्याचं तोंड बीटासारखं लाल झालं.

“मी रडलो तुझ्यासाठी! पेट्रोल पंपावर! लोकांसमोर!”

“मला माहीत नव्हतं रे!”

“सबंध रात्र जागलो त्या ब्रिस्केटपाशी!”

डॉयलनं टोपी घातली. दारापर्यंत गेला. हॉलिसला वाटलं, संपलं. आता हा बाजूच्या दारानंही येणार नाही. काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे खरं होतं तेच तोंडातून निघालं.

“डॉयल, गाठ नाही तर नाही. तू आलास ना.”

डॉयल पाठमोरा उभा राहिला आणि मग वळला.

“काढ ते. बघू दे.”

पिस्तूल पुन्हा रिकामं होऊन टेबलावर आलं, कोंबडी-भात आणि पुडिंग यांच्या मधोमध. डॉयलनं ते दोन बोटांनी उचललं, उंदराचं पिल्लू उचलावं तसं.

“हे? हे घेतलंस? तुझ्या या हाताला? करंगळी कुठं ठेवतोस?”

“लोंबते.”

“झाडून बघितलंस?”

“नाही.”

“ट्वायलानं सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं.”

“मूर्खा!” डॉयल खुर्ची ओढून बसला. “लहानपणापासून असाच! बूटसुद्धा न घालता घ्यायचास! नेल्डा, सुरी दे. ब्रिस्केट गार होतंय. अगं, याला पट्ट्याचं तरी सांगितलं का कुणी?”

भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉयल आपली दोन पिस्तुलं घेऊन हजर. दोघं त्याच्या कुरणात गेले. साबणाच्या वडीची पहिली गोळी झाडताच हॉलिसचा तळवा असा झिणझिणला, की त्यानं पिस्तूल खाली ठेवून हात काखेत घातला. डॉयल हसत हसत गवतात बसला. मग म्हणाला, “उद्या लवकर ये.” आणि हॉलिस लवकर गेला.

रविवारी चर्चमध्ये हॉलिस उभा राहिला. त्याला चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

“गाठ नाही,” तो म्हणाला. “पिस्तूल होतं. तुमची भांडी धुऊन ठेवली आहेत. फरसबी कुणाची होती? फार छान होती. माझ्यासाठी तुम्ही एवढं... मला वाटलं नव्हतं मी एवढा...” तो खाली बसला.

इमोजीनबाईंचा आवाज आला, “म्हणजे प्रार्थना फुकट गेली?”

“नाही बाई,” मागच्या बाकावरून डॉयल म्हणाला. “पत्ता जरा चुकला, एवढंच.”

ब्रदर वेस यांनी हॉलिसला बाजूला घेऊन फार हळुवारपणे पहाऱ्यावरून काढलं. लपवणं हे एकच काम होतं, आणि तेच त्यानं भर चर्चमध्ये जाहीर केलं होतं. हॉलिसला काडीचंही वाईट वाटलं नाही. तो पुन्हा दारात उभा राहिला, रिकाम्या कमरेनं, आणि इमोजीनबाईंच्या चष्म्याची काडी तिसऱ्यांदा मोडली.

पहारा आता डॉयलकडे आहे. कोटाखाली हे एवढं मोठं पिस्तूल घेऊन तो हॉलिसच्या शेजारी उभा असतो, आणि आजवर कुणालाही त्याचा संशय आलेला नाही. या कामाला लागतो असा माणूस, ज्याला उभ्या आयुष्यात कुणी मिठी मारायला गेलेलं नाही!

कुणी म्हणजे, एक सोडून. दर रविवारी दार उघडायच्या आधी हॉलिस हात पसरून त्याच्याकडे वळतो, आणि डॉयल दर रविवारी दात-ओठ खात ओरडतो, “डाव्या बाजूनं ये, गाढवा! डाव्या बाजूनं!”