भिवाभावजींच्या दोन बोटी

आमच्या शेजारचे भिवाभावजी घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी बोट विचारायचे. "मोठी घिऊ का धाकटी?" माणूस अजून चपला काढतोय तोवर त्याच्या हातात दोन रंगीत पुस्तकं यायची. एकात नदीवरचं तीन मजली पांढरं जहाज. दुसऱ्यात कालव्यातली लांबट, अरुंद होडी, वर छप्पर घातलेली, आमच्या गोठ्यासारखी. तलाठी आला तरी हेच, लस टोचणारी नर्सबाई आली तरी हेच. बाईंनी आपलं मोठं जहाज सांगितलं आणि दंड पुढे करा म्हणाल्या.

भावजींनी मुळशी धरणाच्या पाण्यावर तीस वर्षं होडी वल्हवली होती. पलीकडच्या वाड्यांतली माणसं, शेरडं, भाताची पोती, अडलेल्या बायका, सगळं या काठाचं त्या काठाला नेलं. बायको लवकर गेली. एकच मुलगा, गौतम. तो दहाव्या वर्षी पुण्याला वसतिगृहात गेला, शिकला, इंजिनिअर झाला आणि थेट विलायतेत नोकरीला लागला. तिकडून त्याने लिहिलं, आबा, उन्हाळ्यात या, आपण आठ दिवस पाण्यावर राहू. नदीतलं मोठं जहाज की कालव्यातली बोट, ते तुम्ही ठरवा.

हे लिहून त्याला दीड वर्ष झालं होतं.

भावजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, म्हणून गौतमची पत्रं मी वाचायची आणि उत्तरंही मीच लिहायची. 'सप्रेम जयभीम' लिहून झालं की भावजी कौलांकडे बघत बसायचे. मग एक प्रश्न सांगायचे. मोठ्या जहाजावर भाकरी मिळेल का? पुढच्या महिन्यात, धाकटीत झोपल्यावर पाय पुरतील का? त्याच्या पुढच्या महिन्यात, तंबाखू थुंकायची कुठे? मी म्हणायची, हवाईपत्रावर जागा ढीगभर आहे, सगळं एकदम विचारून मोकळे व्हा. ते म्हणायचे, "एका पत्रात एकच. पोराला कामं असत्यात."

मोठं जहाज त्यांना पटत नव्हतं. "दुसरा चालवनार आन मी नुसता बसनार? मंग हात कुटं ठिवू?" धाकटी आपण स्वतः चालवायची होती, तर तिलाही नाक मुरडायचे. "जल्मभर त्येच केलं. तितं जाऊन बी त्येच?" एकदा पारखून बघायचं म्हणून स्वतःच्याच होडीत उतारू होऊन बसले आणि वल्ही आमच्या मालकांच्या हातात दिली. अर्ध्या पाण्यात वल्ही हिसकावून घेतली. मालक घरी येऊन म्हणाले, या माणसाला विलायतेतल्या कप्तानाशेजारी बसवू नका, कप्तान पाण्यात उडी घेईल.

माणूस वाईट नव्हता, पण डोकं खायचा. शेवटी मी कंटाळले. त्या महिन्यात त्यांचा प्रश्न होता, धाकट्या बोटीत धोतर वाळत घालायचं कुठे. तो मी लिहिला आणि खाली माझ्या मनाने लिहिलं, 'तुझ्या आबांनी धाकटी बोट ठरवली आहे. तिकीट काढ.' वाचून दाखवताना ती ओळ गाळली. मला वाटलं, मी त्यांचं भलंच केलं.

एरवी गौतम पानभर लिहायचा. पाय पुरतील का, याच्या उत्तरात त्याने अख्ख्या बिछान्याचं चित्र काढून पाठवलं होतं. या वेळी तीन ओळी आल्या. 'आबा, बरं झालं ठरवलंत. तिकीट पाठवतो. बाकी समक्ष बोलू.'

"मागल्या अंगाला?" भावजींनी विचारलं.

मी पत्र उलटून दाखवलं. कोरं होतं. मग मी काय केलं ते सांगून टाकलं. ते ओरडतील म्हणून मी तयारीत होते. पण त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "अजून धा गोष्टी इचारायच्या व्हत्या, वैनी. म्हैन्याला एक पुरवली असती."

"मग तिथं गेल्यावर विचारा की."

"त्यो समूर असला की मला बोलाया येत न्हाई. त्याला बी न्हाई."

या बोटींच्या आधी गौतमची पत्रं वर्षाला दोनच यायची आणि दोन्हींत 'मी खुशाल आहे' एवढंच असायचं. हे मीच वाचत होते, तरी माझ्या ध्यानात तेव्हा आलं. मी माफी मागितली नाही. मागून काही पत्रं येणार नव्हती.

उन्हाळ्यात ते गेले आणि महिन्याने परत आले. कोणी विचारलं तर बोट बरी होती म्हणायचे, पुढे काही नाही. मी सरळ विचारलं, गौतम बोलला का काही?

त्यांनी सांगितलं, त्या कालव्यात जागोजाग मोठी लाकडी दारं आहेत. तिथे पाणी चढवून किंवा उतरवून बोट पुढे काढायची. दाराची एक फळी एका काठावरून, दुसरी दुसऱ्या काठावरून, पाठ लावून ढकलायची.

"त्यो त्या काठाला, मी ह्या काठाला. त्यो म्हनायचा, 'आबा, आता.' मंग दोगं संगं ढकलायचो."

"आणि बाकी काय बोलला?"

"दारं लई व्हती, वैनी," भावजी म्हणाले.