नथ्थूभाऊंचे चार तास

आमचे शेजारी नथ्थूभाऊ चौधरी पाहुण्याला पाणी विचारत नाहीत. किती वाजता निघालात ते विचारतात. उत्तर आलं की मनगटावरच्या घड्याळाकडे बघून डोळे बारीक करतात. "जैनाबादहून इथवर यायला पाऊण तास? मधे कुठं थांबले?"

सगळी नोकरी बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेली. कुठला ड्रायव्हर कुठल्या ढाब्यावर रेंगाळला, ते त्यांना तोंडावरून कळायचं. रिटायर झाल्यावर हा संशय गल्लीच्या वाट्याला आला. माझा नवरा दापोऱ्याहून येताना मधे कुठंतरी थांबतो असं ते म्हणाले, आणि तो खरंच थांबत होता!

त्यांची एकुलती एक वैशाली मॉरिशसला हॉटेलात नोकरी करायची. यंदा तिची बदली सिंगापूरला झाली. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, मधे नुसता समुद्र. नथ्थूभाऊंनी मोबाईलवर अंतर काढलं: साडेपाच हजार किलोमीटर, सात तास. मग तिच्या तिकिटावरच्या वेळा पाहिल्या. सुटण्यापासून पोचण्यापर्यंत अकरा तास.

"चार तास कुठं गेले, ताई? समुद्रात ढाबा आहे का?"

मी शाळेत भूगोल शिकवते. पृथ्वीचा गोल घेऊन बसले. सिंगापूरला सूर्य आधी उगवतो, म्हणून तिथलं घड्याळ मॉरिशसच्या चार तास पुढं, असं तीनदा सांगितलं.

"म्हणजे घड्याळ पुढं करून ठेवलंय," ते म्हणाले. "हे तर आमचे ड्रायव्हरबी करायचे."

महिन्याभरानं वैशालीचा मला फोन आला. आवाज रडवेला. "काकू, दर रविवारी बाबांचं तेच. चार तास कुठं होती? मेरे पे भरोसाच नाही का? आता मी फोनच नाही करणार."

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. ते स्वयंपाकघरात चहा करत होते. ओट्यावर एक नवं घड्याळ होतं, अडीच तास पुढं. मी पाहिलं तसे ते ओशाळले.

"सिंगापूरचा टाइम आहे. तिची ड्यूटी सुटली का ते समजतं."

"म्हणजे तुम्हाला सगळं कळतंय! मग पोरीला का छळता?"

"पहिल्याच दिवशी समजलं, ताई." त्यांनी गॅस बंद केला. "तिची माय होती तवा दोघी तासभर बोलायच्या. मले बोलताच येत नाही. जेवली का, बरी आहे का... खतम. ह्या चार तासांवर भांडते तरी पंधरा-वीस मिनटं."

मला इतकं भरून आलं की आणलेला राग कुठं ठेवावा कळेना. चहा न घेताच घरी आले.

संध्याकाळी वैशालीचा पुन्हा फोन. "काकू, समजलं का बाबांना?"

"दोन तास पटलेत गं," मी म्हटलं. "दोन राहिलेत. तुझ्यावर संशय नाही त्यांचा, पण माझं ऐकत नाहीत. तूच समजाव."

"रविवारपर्यंत कशाला थांबू?" ती म्हणाली. "आत्ताच लावते."