बंद कंपन्यांचे शेखसाहेब

शेखसाहेबांच्या घरी पाहुण्याला आधी पट्टा बांधावा लागतो, मग चहा मिळतो.

यात अतिशयोक्ती नाही. धायरीतल्या आमच्या सोसायटीत माझ्या दारासमोरचं दार त्यांचं. त्यांच्या दिवाणखान्यात सोफा नाही. भंगारात निघालेल्या एका प्रवासी विमानाच्या तीन निळ्या खुर्च्या आहेत, एकमेकींना जोडलेल्या, हात टेकायच्या दांड्यांत राखेच्या डब्या असलेल्या. म्हणजे विमानात सिगारेट ओढायची मुभा होती, तेव्हाच्या. आपण बसलो की शेखसाहेब हात मागे बांधून उभे राहतात आणि आपल्या पोटाकडे बघतात. पट्टा लागल्याचा टक् आवाज आला की आत हाक जाते, "अहो, चहा येऊ द्या!" एकदा मी मुद्दाम लावला नाही. वीस मिनिटं ते माझ्याशी हवामानावर बोलत राहिले.

शेवटी मीच म्हटलं, "अहो, घर कुठं उडणार आहे?"

"मास्तर, पट्टा उडण्यासाठी नसतोच. उतरण्यासाठी असतो."

मी शाळेत गणित शिकवायचो, म्हणून मी मास्तर. आता निवृत्त आहे, पण शेखसाहेबांना ते मान्य नाही.

त्यांचा स्वतःचा विमानांशी नोकरीचा काडीचाही संबंध नव्हता. मूळचे रविवार पेठेतले, वडिलांचं शिवणकामाचं दुकान. हे पाटबंधारे खात्यात कारकून झाले आणि सगळी नोकरी खडकवासल्याच्या पाण्यात गेली. विमानात ते दोनदाच बसलेत. दोन्ही वेळा खिडकीची जागा मिळाली होती आणि दोन्ही वेळा, भाभी सांगतात, बाहेर एकदाही न बघता ते समोरच्या खिशातला सूचनांचा कागद वाचत होते. भाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. "ढग काय, आपल्या गच्चीवरूनही दिसतात," हे त्यांचं त्यावरचं उत्तर.

त्यांना विमानापेक्षा विमानातलं सामान आवडतं. चमचे, कपबशा, सामानाला बांधायच्या चिठ्ठ्या, हातानं लिहिलेली तिकिटं, पत्त्यांचे कॅट, जेवणाची छापील यादी. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जायचं आणि गंजक्या नळांच्या ढिगातून एक किटली उचलून, तळ उलटा करून, "अरे, तू इथं कशी?" असं तिलाच विचारायचं. मात्र वस्तू बंद पडलेल्या कंपनीचीच हवी. एकदा माझा भाचा प्रवासातून येताना एका चालू कंपनीचा चमचा त्यांच्यासाठी घेऊन आला. शेखसाहेबांनी तो दोन बोटांत धरून परत दिला.

"चालू कंपनीची वस्तू म्हणजे चोरी. बंद कंपनीची म्हणजे वारसा."

भाचा पुन्हा त्यांच्याकडे गेलेला नाही.

जीवरक्षक जाकिटाचा प्रसंग तर आख्ख्या सोसायटीला पाठ आहे. पाण्यात उतरावं लागलं तर घालायचं ते पिवळं जाकीट. जुन्या बाजारातून आणलं, घालून पाहिलं, आणि "इतक्या वर्षांनी काय होतंय" म्हणून लाल दोरी ओढली. फस्स् करून ते फुगलं आणि शेखसाहेबांची मान दोन पिवळ्या उशांत अडकली. ना डावीकडे वळे, ना उजवीकडे. नेमके तेव्हाच सोसायटीचे चेअरमन पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले. शेखसाहेब दारात तसेच उभे. म्हणाले, "या ना, बसा. पट्टा लावा." चेअरमन बसले, पट्टा लावला, चहा घेतला, टाकीबद्दल बोलले आणि निघताना इतकंच म्हणाले, "गळती एवढीही मोठी नाहीये हो." मग मी आणि भाभींनी मिळून हवा सोडली. भाभी हसून हसून खाली बसल्या होत्या.

दोनेक वर्षांपूर्वी एक विमान कंपनी बंद पडली. आमच्या बी विंगमधली केतकी जगताप त्याच कंपनीत हवाई सुंदरी होती. पहाटे टॅक्सी यायची, चाकांची बॅग ओढत ती जायची, वॉचमन उठून उभा राहायचा. बातमी पेपरात आली त्याच्या तिसऱ्या दिवशी शेखसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात.

"मास्तर, चला. जगतापांकडे जाऊन यायला हवं."

मला बरं वाटलं. म्हटलं, शेजारधर्म. दार केतकीच्या आईनं उघडलं.

"केतकीची कंपनी बंद पडल्याचं वाचलं," शेखसाहेब हळू आवाजात म्हणाले.

"हो ना," जगतापबाईंचे डोळे भरून आले.

"कायमची ना?"

"म्हणजे?"

"नाही, तात्पुरती असेल तर मला उपयोग नाही. कायमची असेल तर तिचा गणवेश..."

जगतापबाईंचे डोळे कोरडे झाले. "शेखसाहेब, आपण सांत्वनाला आलात की सामान न्यायला?"

"दोन्हीला," ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "आधी काय, ते आपण सांगा."

दार बंद झालं. आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं झालं असतं. जिन्यात शेखसाहेब पायरीवर बसले.

"काय चुकलं, मास्तर?"

"सगळं," मी म्हटलं.

त्यानंतर ते बी विंगच्या बाजूनं जायचेच बंद झाले. कचरा टाकायलासुद्धा मागून वळसा घालून जात.

चार महिने गेले. केतकी दोन मुलाखतींना जाऊन आली, दोन्हीकडे नाही झालं. बोलायला लागली की आवाज थरथरतो, असं तिची आई भाभींना सांगत होती. एकतीस वर्षांची मुलगी दुपारीसुद्धा खोलीचे पडदे उघडत नाही.

एका शुक्रवारी मी शेखसाहेबांकडे पेपर वाचत बसलो होतो. ते नुकतेच नमाजहून आले होते. बेल वाजली. दारात केतकी. केस कसेबसे बांधलेले, हातात साडीच्या दुकानाची मोठी पिशवी. तिनं ती टेबलावर उलटी केली. कोट, स्कर्ट, गळ्याचा रुमाल, पंखांचा बिल्ला.

"घ्या काका. हवं होतं ना? ठेवून द्या तुमच्या मेलेल्या कंपन्यांत."

मला वाटलं, झालं, आता हे आनंदानं उडी मारणार. शेखसाहेबांनी कोट उचलला. शिंप्याचाच मुलगा; त्यांनी आधी अस्तर उलटून शिवण पाहिली, मग बाह्या.

"उजवं कोपर जास्त झिजलंय. गाडी ढकलायचीस, नाही का? जेवणाची."

"हो. ब्रेक लागायचा नाही तिचा. कोपरानं अडवून धरायला लागायची." ती तुटक बोलली.

त्यांनी कोटाची घडी घातली. वर रुमाल, त्यावर बिल्ला. सगळं परत पिशवीत ठेवलं आणि पिशवी तिच्यापुढे केली.

"हे मला घेता येत नाही, बेटा."

"का? कंपनी मेली ना?"

"कंपनी मेली. कोट घालणारी नाही."

केतकीनं पिशवी घेतली. मागच्या निळ्या खुर्चीवर ती बसली आणि बसता बसता, न बघता, एका हातानं पट्टा लावला. भाभीही आतल्या दारात आल्या होत्या; आमच्या तिघांच्या ते लक्षात आलं. तिच्या नाही. भाभी न सांगताच चहा टाकायला गेल्या.

मग शेखसाहेबांनी घड्याळ पाहिलं, कपाटातून पुठ्ठ्याची एक पेटी काढली, त्यातलं एक कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे पलीकडचा आवाज सगळ्या खोलीत.

"देवधरबाई, पुण्याहून शेख बोलतोय. तुमची किटली मजेत आहे."

"अहो, आज उशीर केलात!" पलीकडून एक म्हातारा, खणखणीत आवाज. "मी दोनपासून फोनपाशी बसलेय. झाकण बसतं का तिचं अजून?"

"घट्ट."

मी पेपर खाली ठेवला. वस्तू घेताना ते मूळ मालकाचा नंबर मागून घेतात, हे मला माहीत होतं. खरेपणाची खात्री करून घेत असतील, असं मी धरून चाललो होतो. पेटीत पन्नासेक कार्डं तरी असतील. कुणी पूर्वीचा तिकीट खिडकीवरचा कारकून, कुणी सामान चढवणारा, कुणी हवाई सुंदरी. दर शुक्रवारी चार-पाच फोन. आणि मी समोरच्या दारात राहतो.

"बाई, माझ्याकडे एक मुलगी बसलीय," शेखसाहेब म्हणाले. "तुमच्याच कामाची. कंपनी बुडालीय. बोलता का?"

केतकीनं मान जोरात हलवली, नको म्हणून. त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"काय गं, पाय सुजायचे का?" देवधरबाईंनी विचारलं. ना नाव, ना गाव.

केतकीनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "डावा जास्त."

"माझाही डावाच! बुटात कापूस घालायचीस का?"

पुढचा अर्धा-पाऊण तास त्या दोघी बोलत होत्या. न थांबणाऱ्या गाड्या, रडणारी बाळं, लग्नाला मागणी घालणारे प्रवासी. केतकी हसली तेव्हा भाभी आतून कपबशी घेऊनच बाहेर आल्या. मग पलीकडचा आवाज जरा खाली आला.

"आमची बंद पडली ना, तेव्हा मी दोन वर्षं दर सोमवारी ती गणवेशाची साडी इस्त्री करायची. कुठं जायचं नसायचं. नवरा म्हणायचा, वेड लागलंय. लागू दे. तू सगळं सांग त्यांना मुलाखतीत. रडू आलं तर रड, पण सांग."

केतकी तिथंच रडली. शेखसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर शुक्रवारचे फोन तीच लावू लागली. तिसऱ्या महिन्यात तिला दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, बंगळूरला. जायच्या आदल्या दिवशी जगतापबाई स्वतः पुरणपोळ्या घेऊन आल्या आणि मुकाट्यानं पट्टा लावून बसल्या.

ती गेल्यावर एका संध्याकाळी मी शेखसाहेबांना विचारलं, "हे फोनचं कसं सुचलं तुम्हाला?"

ते बराच वेळ पेटीतली कार्डं सारखी करत राहिले.

"मी निवृत्त झालो तेव्हा साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली माझा नंबर लिहून ठेवून आलो होतो. म्हटलं, दोन-तीन महिने तरी फोन येतील. कुठली फाईल कुठं आहे, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आंघोळीला जाताना फोन दाराबाहेर ठेवून जायचो, मास्तर."

"आला नाही एकही?"

"एक आला. पंख्याखालची खुर्ची माझी होती की खात्याची, ते विचारायला." ते हसले. "म्हणजे फाईली सापडल्या त्यांना. चांगलंच झालं."

मी घरी आलो. झोप नीट लागली नाही.

सोमवारी सकाळी बरोबर अकराला, कचेरी भरायच्या वेळेला, मी स्वयंपाकघरात उभं राहून समोरच्या घरी फोन लावला.

"हॅलो, शेख का? अहो, ती कालव्याच्या दुरुस्तीची जुनी फाईल सापडत नाहीये."

माझा आवाज त्यांनी ओळखला नसेल, असं होणं शक्य नाही. त्यांच्याकडच्या कुकरची शिट्टी मला फोनमधूनही ऐकू आली आणि जिन्यापलीकडूनही. ते काहीच बोलेनात. मला वाटलं, दुखावले. फोन ठेवणार, तेवढ्यात एक आवाज आला, मी कधी न ऐकलेला. चटपटीत, थोडासा तिरसट.

"कुठला कालवा? उजवा की डावा?"

"उजवा."

"मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट. खालून दुसरा कप्पा. वरचे दोन गठ्ठे बाजूला काढा, त्याखाली. आणि दार जरा वर उचलून ओढा, नाहीतर अडकतं."

मी थोडा वेळ जाऊ दिला. कपाट उघडायला लागेल तेवढा.

"सापडली."

"पानांना नंबर घातलेत का नीट, बघा."

"घातलेत. एकही चुकलेला नाही."

"ते मी घातलेत," शेखसाहेब म्हणाले.