पायलट सरांचा सत्कार

"अवो, पण तुमी जाऊन राह्यले का नाई, एवढं तरी सांगा," रंजीताने शिलाई मशीनवरून मान न उचलता तिसऱ्यांदा विचारलं.

"पाहू," लोकेशने तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

लोकेश नाकाडे चौतीस वर्षांचा. ब्रह्मपुरीपासून अर्ध्या तासावरच्या गावातल्या खाजगी कनिष्ठ महाविद्यालयात तो अकरा वर्षांपासून फिजिक्स शिकवत होता. शिकवत होता म्हणजे नुसता शिकवतच होता, पगार घेत नव्हता. महाविद्यालय विनाअनुदानित. आज ना उद्या सरकार अनुदान देईल आणि त्या दिवशी मस्टरवर ज्याचं नाव असेल त्याला पगार सुरू होईल, या एका आशेवर त्याची अकरा वर्षं गेली. घर चालायचं बायकोच्या, रंजीताच्या, शिलाईवर आणि वडिलांच्या दोन एकर धानावर. दरवर्षी अकरावीच्या पोरांना तो विमानाचा पंख फळ्यावर असा काढून दाखवायचा, की मागच्या बाकावरची पोरंही झोपेतून उठून बघायची. स्वतः त्याने विमान पाहिलं होतं ते बांधावर उभं राहून, मान वर करून.

त्यात पेपरात बातमी आली. चंद्रपूरकडे विमान शिकवणारा क्लब सुरू होतोय. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं, डोळे धड हवेत. लोकेशने बातमी कापून खिशात ठेवली आणि पुढचे दोन महिने भेटेल त्याला विचारत सुटला, जाऊ का नको. सासऱ्याला विचारलं, वडिलांना विचारलं, कटिंग करणाऱ्यालाही विचारलं. शिकायचं तर शेत विकावं लागणार होतं आणि अकरा वर्षांची जागा सोडावी लागणार होती. राहायचं तर आणखी किती वर्षं, ते सरकारलाच ठाऊक. शेवटी क्लबात फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, ओरिजिनल मार्कशीट घेऊन या, मग बोलू.

ओरिजिनल भैयाजींच्या कपाटात होत्या. भैयाजी म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मास्तर रुजू झाला की त्याची मूळ कागदपत्रं संस्थेने कुलपात ठेवायची, अशी आमच्याकडच्या संस्थांची रीत. कागद अडकले की मास्तर अडकतो, त्याला वेगळं दावं लागत नाही. कागद हवे असतील तर कारण लिहून अर्ज करायचा. लोकेशने लिहिलं, 'वैमानिक प्रशिक्षणाच्या चौकशीसाठी.'

शिपाई मुखरूने अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. "सर, पासपोर्ट लिवा. नाईतर बँकेचं काम लिवा. खरं काऊन लिवता?"

"खोटं काऊन लिहू? मी काय चोरी करून राह्यलो?"

मुखरूने अर्जाची घडी घातली. या संस्थेत त्याची वीस वर्षं गेली होती आणि खरं कारण लिहिलेला एकही अर्ज त्याने पाहिला नव्हता. तो अर्ज घेऊन आत गेला.

एरवी भैयाजींच्या टेबलावर अर्ज महिनाभर पडून राहायचा. हा दहा मिनिटांत मंजूर झाला. शहाण्या माणसाने इथेच सावध व्हायला हवं होतं. लोकेश मात्र सुखावला. अकरा वर्षांत भैयाजी पहिल्यांदा त्याच्यासाठी खुर्चीतून उठले होते.

"सर! तुमी पायलट होऊन राह्यले आन् आमालेच पत्ता नाई?"

"भैयाजी, नुसती चौकशी हाय. ठरलं काईच नाई अजून."

"ठरन ना! आपल्या कॉलेजचा मानूस हवेत उडून राह्यला, ह्या कायी लहान गोष्टी हायेत का? सत्कार तं झालाच पायजे. कागदं तिथीच देतो तुमाले, स्टेजवर, सगळ्याइसमोर."

"पन भैयाजी, मी अजून..."

"बिलकुल लाजू नोका."

दोन दिवसांत चौकात बॅनर लागला. 'आमच्या महाविद्यालयाचे भूषण पायलट लोकेश नाकाडे सर यांचे हार्दिक अभिनंदन.' वर विमान, खाली पांढऱ्या टोपीत लोकेश, आणि दोघांपेक्षा मोठे भैयाजी. टोपी फोटोच्या दुकानवाल्याने आपल्या मनाने चढवली होती. ती कानावर बसली नव्हती, पण गावाला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून लोकेशला रस्त्याने चालणं कठीण झालं. शेजारच्या कलाबाईने त्याला बांधावरच अडवलं. "लोकेशभाऊ, माह्या वावरावरून गेले का जरासाक खाली आना न विमान. सून म्हणते का मी फेकून राह्यली, तुमी आमच्या वळखीचे नाई म्हनून."

"काकू, मी पायलट नाई झालो. अजून ठरलंच नाई."

"मोठ्या मानसाइले असंच बोला लागते," कलाबाई कौतुकाने म्हणाली.

नाही म्हणावं तसा त्याचा मोठेपणा वाढत होता. ज्या गावाने अकरा वर्षं बिनपगारी मास्तर म्हणून त्याला लग्नाच्या पंगतीत शेवटी बसवलं, तेच गाव आता त्याच्यासाठी खुर्ची पुसत होतं. खरं सांगायचं तर लोकेशलाही ते आवडायला लागलं होतं. रंजीताला ते कळत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता.

"सत्काराले जाऊ नोका," ती म्हणाली. "भैयाजीनं आजपर्यंत कोणाले फुकटात नारळ देल्ला का?"

"नाई गेलो तं कागदं कशे भेटन?"

सत्कार महाविद्यालयाच्या टिनाच्या शेडमध्ये झाला. शाल झाली, नारळ झाला, हार झाले. भैयाजींनी पाऊण तास भाषण केलं, त्यात लोकेशचं नाव दोनदा आलं. मग त्यांनी माईक त्याच्या हातात दिला. लोकेशने मनाचा हिय्या केला. आता सगळ्यांसमोर खरं सांगून मोकळं व्हायचं.

"मित्रहो, खरं सांगतो," तो म्हणाला, "मी अजून काहीच ठरवलेलं नाही."

शेड टाळ्यांनी दणाणलं. भैयाजींनी माईक परत घेतला. "आयकलं का? आपल्या सराइले येवढ्या कंपन्या बलावून राह्यल्या का कोन्तीत जाव, तेच ठरून नाई राह्यलं!"

टाळ्या थांबेनात. त्या गोंधळात मुखरूने कागदपत्रांचा लिफाफा आणि एक छापील कागद पुढे केला. कागदावर लिहिलं होतं, 'स्वेच्छेने सेवा सोडत असल्यामुळे मूळ कागदपत्रे परत मिळाली.'

"मुखरू, मी सेवा कुठी सोडून राह्यलो?"

"सर, कागदं वापस द्याचा छापील फारम हाच एक हाय," मुखरू खाली बघत म्हणाला. "आजपर्यंत जो मास्तर कागदं घेऊन गेला, तो सोडूनच गेला. दुसरा फारम छापाचं कामच नाई पडलं."

लोकेशने भैयाजींकडे पाहिलं. "खानापूर्ती हाय सर," भैयाजी हसून म्हणाले. "करून टाका सही. फोटोवाला थांबला हाय." फोटोवाला खरंच थांबला होता. समोर अकरावीची पोरं, मागे अख्खं गाव. गळ्यात पाच हार असलेल्या माणसाला भांडता येत नाही. लोकेशने सही केली.

दुसऱ्या दिवशी तो क्लबात गेला. कुंपणाबाहेर उभा असतानाच एक छोटं विमान धावपट्टीवरून सुटलं आणि उचललं गेलं. फळ्यावर तो काढायचा तसाच पंख, तशीच हवा, सगळं पुस्तकाबरहुकूम. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आतल्या बाईने फीचा कागद दिला तेव्हा ते आटलं. दोन एकर विकून जेमतेम अर्धं विमान शिकून होणार होतं. बाकीचं अर्धं हवेतच राहिलं असतं. परतीच्या बसमध्ये त्याने ठरवलं, जायचं नाही. दोन महिन्यांनी एकदाचं ठरलं, म्हणून त्याला हलकंही वाटलं. घरी आल्यावर त्याने रंजीताला सांगितलं. तिने मशीन थांबवली, त्याला पोटभर जेवू घातलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्याशी नीट बोलली.

सोमवारी तो अकरावीच्या वर्गात शिरला तर फळ्यासमोर दुसराच माणूस उभा होता. भैयाजींचा जावई, चंदन. मस्टरवर लोकेशच्या नावावर लाल शाईची रेघ होती.

"भैयाजी, मी नाई जाऊन राह्यलो. माही जागा मले पायजे," लोकेश त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाला. आवाज चढला होता.

भैयाजींनी शांतपणे सही केलेला कागद दाखवला, मग स्टेजवरचा फोटो दाखवला. फोटोत लोकेश हसत होता. "सर, अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. आता तुमीच सांगा, तुमच्या सपनाच्या आड मी येऊ का?"

बाहेर मुखरू भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "सर, अनुदानाचं पत्र आलं हाय. तुमचा अर्ज आला त्याच्या आदल्या दिवशी. मले बोलता नाई आलं. माहंबी नाव पगाराच्या त्याच यादीत हाय न."

लोकेशने त्याला शिवी दिली नाही. अकरा वर्षं ज्या पत्राची वाट पाहिली ते एका कपाटापलीकडे पडलं होतं, आणि आपण गळ्यात हार घालून उभे होतो, हे आठवून त्याला स्वतःचीच शिसारी आली. भैयाजींविरुद्ध तक्रार करायचं त्याच्या मनात आलं. साक्षीला कोण येतं, म्हणून गावात फिरला. "सर, आमी तं टाळ्या वाजवल्या," असं जो तो म्हणाला. सत्काराचं जेवण सगळ्यांनीच खाल्लं होतं.

आठवड्याभराने सकाळी चंदन मोटारसायकलवरून लोकेशच्या अंगणात आला. लोकेश धानाच्या रोवण्याला निघाला होता. त्याने दार लावून घ्यायला हात उचलला.

"सर, पाया पडतो, दोन मिंट आयका," चंदन काकुळतीला येऊन म्हणाला. "सासऱ्यानं मले म्हनलं का नोकरी हाय. इषय कोन्ता, ते नाई सांगतलं. पोरं रोज उठून तुमचंच नाव घेते. काल एकानं इचारलं, विमान वर कसं राह्यते."

"मंग? तू काय सांगतलं?"

"मी म्हनलं, ते हलकं असते."

लोकेशचा हात दारावरच राहिला. रंजीता त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. नाही म्हणा, असं ती नुसत्या डोळ्यांनी सांगत होती आणि ते त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी त्याने कुदळ भिंतीला लावली, खाली बसून काडीने अंगणातल्या मातीत पंख काढला आणि तिकडे न बघता म्हणाला, "रोज सात वाजता येत जा. आठाले मले वावरात जा लागते."

कुणालाही न विचारता, उभ्या उभ्या घेतलेला हा त्याचा आयुष्यातला पहिलाच निर्णय होता, आणि तोही बिनपगारी.