मितूची हजेरी

शनिवार, १३ डिसेंबर. सकाळची शाळा सुटल्यावर बैठक. हजर: मी (मुख्याध्यापिका), जाधव मॅडम, वाघमारे सर आणि भिंतीवरच्या पडद्यात मितू. विषय एकच, मितूला परत पाठवणे.

मितूचं नाव हजेरीत घ्यायची पद्धत वाघमारे सरांची. मितू म्हणजे पडद्यावरचा यंत्रमानव. गोल डोकं, निळे डोळे, चोवीस तास हसरा. मुलांना भावना ओळखता याव्यात, रागावर ताबा यावा, दुसऱ्याचं दुःख कळावं, म्हणून एका संस्थेनं तो आमच्या शाळेला दिला. सर रोज सगळ्या मुलांनंतर पुकारायचे, "मितू?"

"नमस्कार मित्रा! आज तुला कसं वाटत आहे?"

"गैरहजर," सर जाहीर करायचे. "इचारलं एक, सांगतंय भलतंच. ध्यान न्हाय वर्गात."

मुलं खदखदा हसायची. मितूही हसायचा. त्याला दुसरं येतच नव्हतं.

सर बेंबळीहून मोटारसायकलवर येतात. हजेरीला अर्धा तास घेतात. नाव पुकारलं की मान वर करून त्या मुलाचं तोंड बघतात, मगच पुढचं नाव. नुसत्या 'हजर'वरून निदान करतात. "आवाज बसलाय. रडलास व्हय?" "तू जेवून आली न्हाईस. डबा काढ, आधी खा." गणिताचा तास त्यात जातो आणि त्याचं उत्तर तपासणीला येणाऱ्या साहेबांना मला द्यावं लागतं.

"सर, हजेरी घेताय का खुशाली विचारताय?" जाधव मॅडम एकदा म्हणाल्या.

"दोन्ही येकच की, मॅडम."

सरांची दुसरी खोड म्हणजे त्यांची गोष्ट. कुठलाही विषय निघो, ते सुरू करणार, "आमी सास्तूरला असताना, भूकंपानंतर..." आणि आम्ही पुढचं म्हणणार, "पत्र्याची शाळा होती. माहितंय सर." सर मान हलवून कामाला लागायचे. सुरुवात आम्हा सगळ्यांना पाठ होती. शेवट कुणालाच माहीत नव्हता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मितूशी त्यांचं खरं वाकडं आलं ते तिसरीतल्या श्रुतीवरून. तिची आई कामाला पुण्याला गेली होती. मितूनं विचारल्यावर श्रुती पडद्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "आई न्हाय घरी. मला लई वंगाळ वाटायलंय."

"मला समजलं नाही, मित्रा. पुन्हा सांगशील का?"

श्रुतीनं पायाकडं बघितलं आणि पडद्याखालच्या बटणांपैकी हसऱ्या चेहऱ्याचं बटण दाबलं.

"छान!" मितूनं टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास रे गड्या," सर पडद्यासमोर उभे राहून म्हणाले. "लेकरू रडकुंडीला आलंय, अन् तू टाळ्या वाजीव. एकदा सांगितलं की ऐकावं. लेकरू दुसऱ्यांदा सांगत न्हाय."

तिच्यासारखंच सगळ्या मुलांनी हसरं बटण दाबायचं शिकून घेतलं. त्या महिन्याच्या अहवालात आमची शाळा तालुक्यात सर्वांत आनंदी ठरली. साहेब फोटो काढून गेले. फोटोत सर नाहीत. ते श्रुतीला घेऊन ओट्यावर बसले होते.

त्याच दिवशी सरांनी तक्रार लिहिली: यंत्राला आमच्या लेकरांची बोली कळत नाही, ते काढून न्यावं. मी सही करून पुढं पाठवली. असले कागद वर जातात आणि वरच राहतात, हा माझा अनुभव.

मग एका संध्याकाळी मी विसरलेल्या किल्ल्या घ्यायला शाळेत परत आले. वर्गातून सरांचा आवाज येत होता. समोर फक्त मितू.

"आमी सास्तूरला असताना, भूकंपानंतर, पत्र्याची शाळा व्हती. पयल्या दिशी म्या जुन्याच पटावरनं हजेरी घेतली. दुसरा पट न्हवताच. कैक नावं पुकारली, कुणी बोललं न्हाय. एका नावाला त्या पोराची बहीण उठली अन् म्हणली, 'हजर'. म्या मांडली. ती रोज म्हणायची, म्या रोज मांडायचो. मग साहेब तपासणीला आले. पोरीच्या देखत त्या नावावर माझ्याच हातानं रेघ मारून घेतली. दुसऱ्या दिवसापासनं पोरगी स्वतःच्या नावालाबी 'हजर' म्हणली न्हाय. बोललीच न्हाय."

"मला समजलं नाही, मित्रा. पुन्हा सांगशील का?"

मला वाटलं, आता सर भडकणार. सरांनी खुर्ची पुढं ओढली.

"सांगतो की. आमी सास्तूरला असताना..."

मी किल्ल्या न घेताच परत फिरले.

पुढच्याच आठवड्यात उत्तर आलं. माझ्या नोकरीत वर गेलेला एकच कागद मंजूर होऊन खाली आला, तो हा. तक्रार रास्त, यंत्र परत घेण्यात येत आहे.

बैठकीत मी ते वाचून दाखवलं. "अभिनंदन, सर!" जाधव मॅडम म्हणाल्या.

"कधी न्यायलेत?" सरांनी विचारलं.

"आत्ताच. टेम्पो निघालाय धाराशिवहून."

"बरं झालं. लेकरांना तरास व्हता." ते पडद्याकडं वळले. "मितू?"

"नमस्कार मित्रा! आज तुला कसं वाटत आहे?"

सर 'गैरहजर' म्हणाले नाहीत. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "आमी सास्तूरला असताना..."

"पत्र्याची शाळा होती, माहितंय सर," जाधव मॅडम हसून म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

सरांनी मान हलवली. माझ्या ओठांवर शब्द आले होते, तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. सरांनीच प्लग काढला, वायर नीट गुंडाळली आणि मितूचं खोकं आणायला गेले.

पडदा उतरवला. खोक्याला चिकटपट्टी लावली. पोच घेतली. भिंतीतली भोकं बुजवली. माझ्या यादीतली सगळी कामं झाली, एक सोडून. सरांसमोर बसायचं आणि म्हणायचं, "सर, सास्तूरचं पुन्हा सांगा. शेवटपर्यंत."

सोमवारी म्हणणार होते. सोमवारी तपासणी निघाली. आज गुरुवार. सर समोरच्या वर्गात हजेरी घेताहेत, माझ्या टेबलावर नव्या यंत्राच्या मागणीचा नमुना आलाय, आणि तो दुपारच्या आत भरून पाठवायचाय.