सेतुराव सरांचे कडक मार्क

आमच्या अण्णा नगरच्या बिल्डिंगमधल्या सेतुराव सरांनी आयुष्यात कुणालाही दहापैकी सातच्या वर मार्क दिलेले नाहीत. जन्मभर गणित शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले, निवृत्त झाले. लाल पेन काही खाली ठेवलं नाही. कोपऱ्यावरच्या मेसचं रसम? सहा. मुलीच्या लग्नातलं नादस्वरम? साडेपाच. माझं साताऱ्याचं मराठी? "चार. तेही शेजारी म्हणोन." स्वतःचं तंजावरी मराठी मात्र त्यांनी कधी तपासायला काढलं नाही.

तर या माणसाचा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी सिस्टरने विचारलं, "सार, दुखणं दहापैकी किती?" आकडा ऐकूनच ती औषध देणार होती.

"दोन," सर म्हणाले. कपाळावर घाम, मुठीत पलंगाची दांडी.

दोनाचं औषध मिळालं. मग फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. गुडघा काटकोनात वाकायला हवा, आत्ता नाही वाकला तर आखडून बसेल, असं त्यांनी बजावलं. सर तेवीसचा पाढा म्हणत जोर लावू लागले. 'तेवीस चोक ब्याण्णव'ला गुडघा अडला. "पुन्हा!" सर गरजले. पुन्हा ब्याण्णव. असं पाच वेळा!

मुलगी सुमती पुण्याहून आली होती. ती कॉफी आणायला गेली, तशी मी खुर्ची ओढली.

"सर, खरा आकडा?"

"आठ. हळू बोला! रविवारी तिचं विमान. नवी नोकरी. आठ ऐकलं तर तिकीट रद्द करील ती."

मी ठेवणीतला आवाज काढला. "म्हणजे सेतुराव सर, तुम्ही पेपर खोटा तपासलात?"

भूल न देता ऑपरेशन केलं असतं, तरी त्यांचा चेहरा तसा झाला नसता.

सुमती कॉफी घेऊन आली, मागोमाग सिस्टर. सर छताकडे बघत म्हणाले, "आठ."

"अप्पा!" सुमतीने कॉफी टेबलावर ठेवली. "मघाशी तर दोन म्हणालात!"

"फेरतपासणी केली."

सिस्टरने डॉक्टरांना विचारून जोरकस औषध दिलं. तासाभराने तेवीसचा पाढा दहापर्यंत पोचला आणि गुडघा जवळजवळ काटकोनात. तरी सुमतीने तिकीट रद्द करायला फोन काढलाच.

"पोदुम! पुरे!" सर ओरडले. "औषध लागू पडलं ना? तू जायचंस."

रविवारी ती निघाली. सर वॉकर घेऊन तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले, ऐकतात कुणाचं! दार मिटेपर्यंत ताठ उभे होते. मागून सिस्टरने विचारलं, "सार, आता दुखणं किती?"

"गुडघ्याचं तीन," सर म्हणाले, आणि मिटलेल्या दाराकडे बघत तिथंच उभे राहिले.