भोईरकाकांचं जड स्टिअरिंग

आमच्या सोसायटीतले भोईरकाका रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पार्किंगमध्ये येतात, आपल्या पांढऱ्या गाडीत बसतात, गाडी चालू करतात आणि कुठेही जात नाहीत. स्टिअरिंग पार डावीकडे फिरवतात, मग पार उजवीकडे. मधेच डोळे मिटून थांबतात, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. मग खाली उतरून, मान वर करून सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करतात, "आज हलकं हाय!"

गेले काही महिने अंबरनाथमधल्या आमच्या बिल्डिंगचा दिवस या बातमीनं उजाडत होता.

गंमत अशी, की रोज सकाळी हलकं असणारं हे स्टिअरिंग काका बाहेर पडून नाक्यावर पोचेपर्यंत दगड व्हायचं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा आणि गाडी वळवताना काकांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. परत येऊन गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दिवा गायब, स्टिअरिंग लोण्यासारखं. "डॉक्टर दिसला का ताप उतरतो, तसली जात हाय ही," काका म्हणायचे.

आता मी कोण, ते सांगते. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते आणि आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स बघते. माझे वडील त्याच एमआयडीसीत हेल्पर होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी न विचारता सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. काकांना तर माझ्यापेक्षा जास्त आहे. ते मला नावानं हाक मारत नाहीत. "ये गो, ग्रॅज्युएट!" अशी हाक मारतात आणि मग कुठलंही काम सांगतात. गॅसची तक्रार, औषधाच्या चिठ्ठीवरचं अक्षर, टीव्हीचा रिमोट.

"काका, मी बी.कॉम. आहे. गाडीच्या मोटरीतलं मला काय कळतं?"

"इंग्रजी येतं का नाय? मग झालं. मोटर पण इंग्रजीच हाय."

काकांनी उमेदीची सगळी वर्षं टेम्पो चालवला. केमिकलचे ड्रम भरलेला टेम्पो अरुंद गल्लीत उलटा घ्यायचा, तोही साध्या स्टिअरिंगवर. त्यांचे दंड अजून नारळाच्या बुंध्यासारखे आहेत. पॉवर स्टिअरिंगवाल्यांना ते आयुष्यभर हसत आले. "बोटानं गाडी वळवतात ही पोरं. गाडी हाय का पोळपाटावरची पोळी?" त्यामुळे स्टिअरिंग जड झाल्यावर हा माणूस उलट खूश होईल, असं आम्हाला वाटलं होतं. पण काकांची झोप उडाली.

कारण असं सांगितलं जायचं, की काकूंच्या भाच्याची हळद तोंडावर आली होती. काकूंचं माहेर बदलापूरच्या पल्याड एका गावात. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. सगळा गाव मांडवात. "त्या मांडवासमोर माझी गाडी हलक्या स्टिअरिंगनं लागली पायजे," काका म्हणायचे. "एका झटक्यात. हात न दुखता."

आणि काकू म्हणायच्या, "ती गाडी विका. मना ती डोळ्यासमोर नको." बोलताना त्या उजवा खांदा चोळत. तो त्यांचा वर्षभर धरला होता. एवढ्या शांत बाईला गाडीचा एवढा राग का, ते मला कळत नव्हतं. हळदीपर्यंत स्टिअरिंग नीट झालं नाही तर गाडी विकायची, असा शेवटी नवराबायकोत करार झाला आणि काका मला घेऊन मोहिमेवर निघाले.

इथे काकांची दुसरी सवय सांगायला हवी. ते कुठल्याही बाबतीत एका माणसाच्या मतावर थांबत नाहीत. डॉक्टरनं बीपी सांगितलं की दुसऱ्या डॉक्टरकडे. ज्योतिषानं मुहूर्त काढला की दुसऱ्या ज्योतिषाकडे. कलिंगड घेतानासुद्धा एका गाडीवरचं कलिंगड उचलून शेजारच्या गाडीवाल्याला विचारतात, "हे लाल निघंल का रं?" काकू सांगतात, "मना बघून गेले आणि आठ दिवसांनी परत आले. काय तर म्हणे दुसरं मत. सोबत मामाला आणलेला."

पहिलं मत घ्यायला आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेची केबिन, थंडगार एसी. टाय लावलेल्या मुलानं लॅपटॉप जोडला, बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅम, इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे. स्टिअरिंग कॉलमची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल."

"म्हणजे काय काय?" काकांनी विचारलं.

"मोटर, सेन्सर, कंट्रोलर, सगळं एकत्रच येतं. सुटं रिपेअर आम्ही करत नाही."

"म्हणजे दात दुखतो म्हणून जबडा बदलायचा?"

मुलगा हसला नाही. मी विचारलं, कंपनीनं या दोषासाठी गाड्या परत बोलावल्यात का, चासी नंबर टाकून बघा. त्यानं बघितलं. नव्हत्या बोलावल्या. वॉरंटीही केव्हाच संपली होती. तरी बाहेर येताना काका माझ्याकडे कौतुकानं बघत होते. "बगितलंस? चासी नंबर म्हणालीस. मना सुचलं असतं का?" असेंब्लीचा आकडा ऐकून त्यांना घाम फुटला होता, पण कौतुकात कसूर नाही.

दुसरं मत उल्हासनगरला. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात तसलाच अख्खा स्टिअरिंग कॉलम टांगलेला होता. दुकानदार म्हणाला, "एकदम मख्खन पीस है काका. ॲक्सिडेंट की गाडी का है, पर इसको कुछ नहीं हुआ."

काकांनी त्या कॉलमवरून हात फिरवला. "इसको कुछ नहीं हुआ. पण ज्याच्या हातात होता त्याला?"

दुकानदारानं मान खाजवली.

"नको," काका म्हणाले. "चल गो."

तिसरं मत न मागता मिळालं. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात म्हणाले, "भोईर, कशाला एवढी धावाधाव? पॉवर गेली तरी चाकं वळतातच ना? साधं स्टिअरिंग समजा आणि चालवा. तुमचे हात काय पापड लाटायचे आहेत?"

हे वाक्य काकांनी स्वतः शंभर वेळा दुसऱ्यांना ऐकवलेलं होतं. पण या वेळी ते असे भडकले की मीच मागे सरले. "सगळ्यांचे हात सारखे असतात का? असतात का? उगा जिन्यात उभं राहून अक्कल नका शिकवू!" त्या दोघांचं आधीपासूनच बिनसलेलं होतं. काकांनी गाडीच्या डिकीत गाण्यांसाठी स्पीकरचा एक अवाढव्य डबा बसवून घेतला होता. आगरी हळदीची गाणी त्यावर लागली की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या नाचायच्या. सेक्रेटरींनी नियम काढला होता, गाणी गेटबाहेर. काका नियम पाळायचे, पण गेटच्या बाहेर चाक पडलं की पुढच्या क्षणाला धडाड धूम.

शेवटी कुणीतरी उल्हासनगर कॅम्प एकमधल्या घनश्यामभाईंचं नाव सांगितलं. हे गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स उघडून दुरुस्त करतात. गल्लीत छोटं दुकान, भिंतभर उघडी सर्किटं. काकांनी आत पाऊल टाकताच हात जोडले आणि सिंधी रीतीनं हाक मारली, "साईं, जबडा नको, दात बघा."

घनश्यामभाईंनी मशीन लावलं, तारा तपासल्या, काकांना स्टिअरिंग फिरवायला लावलं. "मोटर अच्छी है. सेन्सर भी अच्छा. पर मशीन बोलता है, करंट गिरता है. कब गिरता है, काका?"

"त्याच्या मनात येईल तवा."

"मेरे सामने तो नहीं गिर रहा."

"लाजतंय," काका म्हणाले.

गाडी चालू, स्टिअरिंग हलकं, दिवा नाही. घनश्यामभाई वाट बघत चहा पिऊ लागले. रिकामं बसणं काकांना कधीच जमलेलं नाही. ते म्हणाले, "तवर एक चीज ऐका साईं. असा आवाज अख्ख्या कॅम्पात नाय मिळणार." आणि त्यांनी बटण दाबलं.

धूम.

पिवळा दिवा लागला.

आम्ही तिघं त्या दिव्याकडे बघत राहिलो. काकांनी गाणं बंद केलं. गाडी बंद करून चालू केली. दिवा गेला. गाणं लावलं. धूम. दिवा. घनश्यामभाई चहाचा कप हातात धरून एवढे हसले, की अर्धा चहा शर्टावर सांडला. "काका! आप बीमारी को डिकी में बिठा के डॉक्टर के पास घूम रहे हो!"

मग त्यांनी समजावलं. स्टिअरिंगची मोटर बॅटरीवर चालते. बॅटरी जुनी, त्यात त्या डब्याची अर्थिंगची तार स्टिअरिंगच्याच बोल्टला आवळलेली. डबा धूम म्हणाला की करंट पडतो आणि स्टिअरिंगचा कंट्रोलर घाबरून मोटर बंद करतो. उपाय सोपा. नवी बॅटरी, डब्याला वेगळी तार. "दोनों रहेंगे, काका. गाना भी, स्टिअरिंग भी."

मला वाटलं, काका आता नाचतील. पण ते एकदम उतरलेल्या चेहऱ्यानं डिकीपाशी गेले. त्या डब्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. हळदीला मांडवासमोर कोणतं गाणं लावायचं, तेही ठरलेलं होतं.

"काढा," ते म्हणाले.

"अरे पर मैं बोल रहा हूँ ना, दोनों..."

"डबा काढा, साईं. मना रिस्क नको. इथंच ठेवा, कुणाला द्यायचा त्याला द्या."

येताना स्टिअरिंग बोटानं वळत होतं. पोळपाटावरच्या पोळीसारखं.

हळदीच्या दिवशी मला आग्रहाचं आमंत्रण होतं. ऊन उतरायला लागल्यावर आम्ही निघालो. काका स्टिअरिंगवर, शेजारी हिरव्या साडीतल्या काकू, मागे मी आणि आहेराच्या पिशव्या. बदलापूर मागे पडलं, वस्ती विरळ झाली आणि एका मोकळ्या रस्त्याच्या कडेला काकांनी गाडी थांबवली. ते उतरले. काकूही उतरल्या. दोघांनी जागा बदलल्या.

मी आ वासून बघत होते. काकूंनी पदर खोचला, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला.

"काकू, तुम्ही?"

"गप बस गो. बोललीस तर गियर चुकंल."

गियर चुकला नाही. गाडी निघाली. बेताच्या वेगानं, पण सरळ. काका शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि सबंध रस्ताभर, देवाशपथ, त्यांनी एक सूचना केली नाही. एका वळणावर काकूंनी स्टिअरिंग फिरवलं, दुखऱ्या खांद्यानंच, आणि ते वळलं. त्या स्वतःशीच हसल्या.

गावाचा मांडव लांबून दिसायला लागला तेव्हा काका म्हणाले, "थांब इथं." ते खाली उतरले. "ग्रॅज्युएट, तू पण उतर."

"मी कशाला?"

"मागं शिकलेली पोरगी दिसली का लोक म्हणतील, तीच सांगत होती, डावीकडं घे, उजवीकडं घे."

काकू घाबरल्या. "अहो, एकटी जाऊ?"

"एकटीच जा."

गाडी पुढे गेली. आम्ही धुळीतून चालायला लागलो. काका हळूहळू, मुद्दाम रेंगाळत चालत होते. मग म्हणाले, "तिच्या बापानं तिला सायकल नाय शिकू दिली. भाऊ या रस्त्यानं सायकल फिरवायचे आणि ही कुंपणाशी उभी. लग्नानंतर कवा तरी बोलली होती. मी टेम्पोवर होतो, तवा ध्यानात नाय घेतलं. आता घेतलं. सुट्टीच्या दिवशी आनंदनगरचे रस्ते मोकळे असतात ना, तिथं न्यायचो. तुमाला सांगायचो, भाजी आणायला चाललो."

"आणि मग गाडी विकायला का निघाल्या होत्या?"

"एका वळणावर स्टिअरिंग वळलंच नाय तिच्याच्यानं. गाडी गटाराशी जाऊन उभी राहिली. घरी येऊन रडली. म्हणाली, माझ्या हातात जोर नाय, माझं वय गेलं." त्यांनी चपलेतला खडा झटकला. "आणि गाणी मी लावलेली गो. तिची भीती जावी म्हणून."

मीही त्यांच्याइतकीच हळू चालायला लागले.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी मांडवासमोर व्यवस्थित लागलेली होती. काकू दिसतच नव्हत्या, एवढ्या बायकांनी त्यांना वेढलं होतं. एक म्हातारी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत होती. दोन पोरी स्टिअरिंगवर बसण्यावरून भांडत होत्या. तेवढ्यात काकूंचे थोरले भाऊ काकांना बघून मोठ्यानं म्हणाले, "काय दाजी, पायी? बायकोनं रस्त्यात उतरवलं वाटतं!"

मांडव हसला. काकांना टोमणा सहन होत नाही, हे मी पक्कं जाणते.

"तर काय!" काका कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "तिची गाडी, तिची मर्जी. परत नेईल का नाय, ते पण तिलाच विचारायला लागंल. तुमी जरा शब्द टाका ना माझ्यासाठी."

आणि कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून, नव्यानं आलेल्या पाहुण्यासारखे ते पाणी मागून बसले.